रिकाम्या खोलीचं प्रेझेंटेशन

चिरंजीव भाचेसाहेब यांस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. (अटी पत्राच्या ओघात येतील.)

तू बरा आहेस असं धरून चालते. तुला काय होणार? दिवसभर एसीत बसून दुसऱ्यांनी घाम कसा गाळावा हे सांगणाऱ्या माणसाची फार तर मान दुखते. सूनबाई कशी आहे? तिला वेगळे आशीर्वाद, तिच्यासाठी अटी नाहीत. तुझी आई परवा फोनवर फारच आनंदात होती, म्हणजे तुमच्या सोसायटीत कुणाशी तरी भांडली असणार. (लहानपणापासून तिचं असंच आहे. भांडण झालं की तिच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि माफी मागायला आम्ही जातो.) मी ठणठणीत आहे. काळजी करण्यासारखं काहीही नाही. रीतभात संपली. आता खाली बस, आणि ताठ बस. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या की पोक काढून ऐकलेलं मानेपाशीच अडकतं, आणि मला जे सांगायचंय ते थेट तुझ्या डोक्यापर्यंत पोचायला हवंय.

विषय तू सुचवलेल्या वाचनाचा. लठ्ठ हिरवं पुस्तक 'लीन', म्हणजे सडपातळ, व्यवस्थापनाचं, पिवळं पुस्तक कामाच्या जागी माणसं कशी शिकतात याचं, आणि बारकं काळं पुस्तक प्रभावी प्रेझेंटेशनचं. (व्यवस्थापन 'लीन' आणि पुस्तक हाताला न पेलणारं, यावर तुमच्या क्षेत्रात कुणी हसत नाही का?) तिन्ही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, समासात पेन्सिलीने शेरे मारले, आणि तंतोतंत अमलात आणली. त्याचा परिणाम असा झाला की माझी खोली जायची वेळ आली आहे. हा आरोप आहे. तो तुझ्यावर आहे.

तुला माझ्या खोलीबद्दल काही आठवत नसेल, म्हणून परत सांगते. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या धर्मादाय इस्पितळाच्या तळमजल्यावरची एक खोली सांभाळते. तिला सगळे 'कुबड्यांची खोली' म्हणतात. कुणाचं हाड मोडतं, कुणाची एक बाजू लुळी पडते, कुणाच्या घरी म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरतं. अशांना तात्पुरती व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हवेची गादी, कमोडची खुर्ची लागते. आम्ही ती देतो, बरं वाटलं की ते आणून देतात. यात तत्त्वज्ञान नाही. खोली चालवणारे आम्ही तिघं, तिघंही निवृत्त आणि तिघंही बिनपगारी. एक मी. दुसऱ्या मेट्रनबाई, ज्या याच इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही अशा थाटात वॉर्डातून फिरतात. तिसरे टेलरमास्तर, जे गाद्यांच्या खोळी आणि खुर्च्यांचे पट्टे शिवतात आणि आम्ही दोघींनी वाद सुरू केला की शिलाई मशीन जोरात चालवतात.

आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष धंद्याने दंतवैद्य आहेत. माणूस वाईट नाही. पण समोरच्याने तोंड उघडावं आणि बोलू मात्र नये, अशा वातावरणात सगळं आयुष्य गेल्यामुळे संवादाबद्दलच्या त्यांच्या कल्पना जरा वेगळ्या आहेत. एक दिवस ते खोलीत डोकावले. तेव्हा मेट्रनबाई वॉकरच्या ढिगात अडकल्या होत्या आणि मी त्यांना बाहेर कसं यायचं ते तोंडी सांगत होते. "हे गोदाम झालंय," दंतवैद्य म्हणाले. "जग कुठे चाललंय, बाई! आधुनिक व्यवस्थापन आणा. पुढच्या सभेत मला प्रेझेंटेशन द्या, नाहीतर इथे कॉफीचा काउंटर टाकतो. नातेवाइकांची फार मागणी आहे." कॉफीला माझा विरोध नाही. पण कॉफी उभ्याने पिता येते, आणि काही लोकांना उभं राहण्यासाठीच काहीतरी लागतं, एवढं माझं म्हणणं. ते ऐकायला दंतवैद्य थांबले नाहीत. म्हणून मी तुला फोन केला, आणि तू म्हणालास, "मावशी, टेन्शन नको, मी वाचायला पाठवतो."

हिरव्या पुस्तकापासून सुरुवात केली. त्यात म्हटलंय की काही बिघडलं तर एकदा 'का' विचारून थांबू नये, पाच वेळा विचारावं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. मेट्रनबाईंना हे फार आवडलं (त्यांना प्रश्न विचारायला नेहमीच आवडतं, उत्तर देणारा झोपेत असला तरी). त्यांनी टेलरमास्तरांना गाठलं. व्हीलचेअरचं चाक का करकरतं? तेल घातलेलं नाही म्हणून. का नाही घातलं? बाटली संपली म्हणून. का संपली? शिलाई मशीनला लागली म्हणून. मशीनला एवढं तेल का लागतं? जोरात चालवावं लागतं म्हणून. आणि जोरात का चालवावं लागतं? इथे मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही दोघी बोलता म्हणून." मूळ कारण हाती लागलं. त्या दिवसापासून तो उपक्रम आम्ही बंद केला.

मग लाल चिठ्ठ्या. जी वस्तू वापरात नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, आणि काही दिवसांत कुणी तिची बाजू घेतली नाही तर ती बाहेर. मेट्रनबाईंनी पहिली चिठ्ठी इस्पितळाच्या संस्थापकांच्या तसबिरीला लावली. मी म्हटलं, अहो, ते संस्थापक आहेत. त्या म्हणाल्या, "असतील, पण सध्या करतात काय?" मास्तरांनी एक चिठ्ठी माझ्या खुर्चीला लावली. मी त्या वेळी खुर्चीत होते. "खुर्चीला लावलीय हो, तुम्हाला नाही," असा खुलासा त्यांनी केला, पण चिठ्ठी माझ्या दंडाला चिकटली होती आणि तशीच मी बाजारात जाऊन आले. भाजीवाल्याने निवडक माल बाजूला ठेवून मला कालचा दिला. मला वाटतं, मला बघून त्याला तेच योग्य वाटलं असावं.

पिवळं पुस्तक म्हणतं, माणसं व्याख्यानाने शिकत नाहीत, अनुभवाने शिकतात. (चाळीस मुलींना एक सिस्टर, एक खडू आणि एक पट्टी एवढ्या सामग्रीवर कसं शिकवत होती, याचा अनुभव या लेखकाने घेतलेला दिसत नाही.) तर अनुभव म्हणून ठरलं की मेट्रनबाईंनी व्हीलचेअरमध्ये बसायचं, म्हणजे बसणाऱ्याला काय वाटतं ते कळेल. आयुष्यभर त्यांनी फक्त ढकललेली. त्या बसल्या. मास्तर ढकलणार होते, पण त्यांना सुई कुठे खोवली ते बघायचं होतं, आणि ब्रेक लावायचा कुणी हे ठरलं नव्हतं. आमच्या दारासमोर उतार आहे. मेट्रनबाई निघाल्या. मी मागून हाका मारल्या, त्यांनी हात हलवला, मला वाटलं त्यांना मजा येतेय. त्या थेट रक्ततपासणीच्या रांगेत जाऊन थांबल्या, तेही रांगेच्या तोंडाशी. तिथल्या मुलीने व्हीलचेअरमधलं म्हातारं माणूस बघितलं, बाही वर केली आणि रक्त काढून घेतलं. मेट्रनबाई 'अगं मी मेट्रन आहे' म्हणून ओरडत होत्या, पण असं बरेच पेशंट काही ना काही म्हणत असतात. नंतर पिवळ्या पुस्तकाप्रमाणे आम्ही गोल करून बसलो आणि अनुभवातून काय शिकलो ते प्रत्येकाने सांगायचं ठरलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मला शुगर निघाली." तेव्हापासून त्या आमच्या दोघांच्याही चहात साखर घालू देत नाहीत. कामाच्या जागी शिकलेलं असं सगळ्यांमध्ये पसरतं म्हणतात ते हेच असावं.

आता मुख्य प्रकरण. हिरव्या पुस्तकात साठ्यावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्याचा सूर आमच्या सिस्टर पापाबद्दल बोलायच्या तसाच आहे. साठा म्हणजे आळस, साठा म्हणजे लपवलेले दोष. फळीवर पडून असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे तिची गरज असलेल्या कुणाचा तरी खोळंबा. हे वाक्य मात्र मला पटलं. खरंच पटलं. मी दोनदा खूण केली. कुणीतरी घरात भिंत धरून चालतंय आणि आमच्याकडे वॉकरवर वॉकर रचलेले, हे बरोबर नाही. मग आम्ही सपाटा लावला. वॉर्डात फिरलो, ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलं, फोन केले. कुबडी मागायला आलेल्या माणसाला कुबडी दिली आणि त्याच्या आईसाठी वॉकरही दिला. एका गृहस्थांना हवेची गादी नको होती, त्यांनाही मेट्रनबाईंनी दिली ("नको काय! पाठ बघू!"). सभेच्या दिवसापर्यंत खोलीत एक वस्तू राहिली नाही. आम्ही फरशी पुसली, फळ्या पुसल्या. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "बाई, एवढी मोकळी जागा मी लग्न झाल्यापासून पाहिली नाही." आम्हाला तिघांनाही त्या दिवशी आपण काहीतरी मोठं केलंय असं वाटत होतं. तुला हे हसण्यासारखं वाटेल. वाटू दे.

राहिलं काळं पुस्तक. स्लाईडवर शब्द नकोत, एकच मोठं चित्र हवं. कागद वाचून दाखवू नये. श्रोत्यांच्या डोळ्यांत बघावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुख्य मुद्द्यावर थांबावं. जितकं थांबाल तितका मुद्दा खोल जातो, ऐकणारे अस्वस्थ होईपर्यंत थांबा. आता मी एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य घालत आयुष्य काढलेली बाई. एक्स्चेंजमध्ये आम्ही थांबलो की लाईन कट व्हायची. तरी मी आरशासमोर थांबायचा सराव केला. माझं वाक्य तयार होतं: ही खोली रिकामी आहे, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू आज कुणाच्या तरी घरी कामाला लागली आहे.

वरच्या मजल्यावरच्या सभागृहात सगळे विश्वस्त बसले होते. मी स्लाईड लावली. चकचकीत फरशी, मोकळ्या फळ्या, खिडकीतून ऊन. दंतवैद्यांच्या डोळ्यांत बघितलं. म्हटलं, "ही खोली रिकामी आहे." आणि थांबले.

पुस्तकात सांगितलंय तितकं थांबले. त्या अवधीत विश्वस्तांपैकी वकीलबाई म्हणाल्या, "अरे वा, मग प्रश्नच मिटला की." कुणीतरी अनुमोदन दिलं. कुणीतरी "छान, मुद्देसूद" म्हणालं. मी पुढचं अर्धं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर दंतवैद्य सवयीने म्हणाले, "झालं, झालं, संपलंच." टाळ्या पडल्या. खोली सोमवारी सकाळी कॉफीवाल्यांच्या ताब्यात द्यावी असा ठराव झाला, वर माझ्या सहकार्याबद्दल माझे आभार मानण्यात आले. भाच्या, माझं अर्धं वाक्य अजून घशात आहे.

घरी येऊन मी तुझ्या नावाने जे बोलले ते कॉन्व्हेंटात शिकलेलं नव्हतं. मग रागारागाने हिरवं पुस्तक परत उघडलं आणि एक जागा सापडली जिच्याकडे आधी माझं लक्ष गेलं नव्हतं: वस्तू नेमकी हवी तेव्हा, हवी तिथे आली पाहिजे. मी टेलिफोन पुढे ओढला. एक्स्चेंजमधला आवाज काढला (तो अजून आहे, फक्त सुरुवातीला जरा खाकरावं लागतं) आणि सामान नेलेल्या प्रत्येकाला फोन केला. खोली बंद होतेय, आपल्याकडचं सामान कृपया सोमवारी सकाळी आणून द्यावं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणी उलट विचारलंही नाही. आवाजच तसा आहे.

सोमवारी कॉफीचं मशीन आलं तेव्हा बोळ भरलेला होता. व्हीलचेअरवाले व्हीलचेअरमध्ये बसूनच आले होते, दुसरं येणार कसं? गाद्या खांद्यावर घेऊन मुलगे, कमोडच्या खुर्च्या डोक्यावर धरून जावई. नको असलेली हवेची गादी नेलेले गृहस्थ रडवेले होऊन "बाई, पाठ फार सुधारली हो, राहू द्या ना" म्हणत होते. मशीनवाल्यांना पुढे जाता येईना, मागे येता येईना. दंतवैद्य बोळाच्या तोंडाशी अडकले आणि वाट द्या, वाट द्या करत आत आले. खरं सांगते, इथपर्यंत मला मजा येत होती.

मग एक म्हातारे पोस्टमन आले. निवृत्त, अर्थात. त्यांनी वॉकर मेट्रनबाईंच्या ताब्यात दिला, दोन्ही हात जोडून "फार उपयोग झाला" म्हणाले, आणि निघायला वळले. वळले आणि तिथेच राहिले. आणून द्यायचं, एवढाच विचार करून माणूस घरातून निघाला होता. परत कसं जायचं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि फोन करताना माझ्याही आलं नव्हतं. कॉफी मशीनच्या खोक्याला धरून ते उभे राहिले. पाय थरथरत होते, आणि आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतोय म्हणून चेहरा ओशाळलेला.

दंतवैद्य म्हणाले, "काका, जरा सरका. मशीन आत घ्यायचंय."

"सरकतो हो साहेब. पण धरू कशाला?"

दंतवैद्यांनीच त्यांचा दंड धरला. मग आजूबाजूला बघितलं. बोळभर तशीच माणसं होती. "अहो, द्या ना त्यांचा वॉकर परत," ते मेट्रनबाईंना म्हणाले.

"देते," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण परत आणला की ठेवू कुठे? कॉफीत?"

पोस्टमनकाकांना धरून उतारावरून रिक्षापर्यंत दंतवैद्य स्वतः गेले, वॉकर उघडून दिला, आणि परत आले ते मशीन बोळातच ठेवायला सांगून केबिनमध्ये गेले. संध्याकाळी निरोप आला. ठराव फेरविचारासाठी ठेवलाय, येत्या शनिवारी विशेष सभा, प्रेझेंटेशन नव्याने द्यावं. वकीलबाई आणि आणखी काही विश्वस्त अजून कॉफीच्या बाजूचे आहेत. म्हणजे खोली वाचलेली नाही, शनिवारपर्यंत तगली आहे एवढंच. सगळं सामान ज्याला लागतंय त्याला पुन्हा दिलंय. खोली पुन्हा रिकामी आहे, आणि त्याच कारणाने.

तर या पत्राने तुला कळवते की यापुढे मला कुठलंही पुस्तक सुचवू नये. पाठवलेली तुला परत मिळणार नाहीत. हिरवं आणि पिवळं दंतवैद्यांनी वाचायला मागून नेलं. काळं मी दिलं नाही. त्यांनी थांबायला शिकावं अशी माझीही इच्छा आहे, पण शनिवारनंतर.

सूनबाईला विचारलंय म्हणून सांग. ताठ बस.

तुझी,
मावशी

ता. क.: मी ठणठणीत आहे असं वर लिहिलंय ते तुझ्या आईसाठी. ती तुझी पत्रं उघडते, तब्येतीपुरतं वाचते आणि परत पाकिटात घालते हे मला माहीत आहे. सोमवारच्या गडबडीत कॉफी मशीनचा खोका माझ्या पावलावर आला. हाड चिरलंय, प्लॅस्टर आहे, सध्या व्हीलचेअरमध्ये आहे. ती कुठून मिळाली हे तुझ्यासारख्या हुशार माणसाला सांगायला नको. आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये, नाहीतर ती इथे माझी सेवा करायला येईल.

ता. ता. क.: सभा वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. (लिफ्टदुरुस्तीचा ठराव ज्या विश्वस्तांकडे आहे त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते वर येऊन तो मांडू शकलेले नाहीत.) तू शनिवारी दुपारी ये. लॅपटॉप नको, सल्ला नको, टाय तर मुळीच नको. भाषण माझं मी करीन. मला खुर्चीसकट वर न्यायचंय, आणि त्याला दोन माणसं लागतात. दुसरे दंतवैद्य आहेत. त्यांनी आपणहून विचारलं, मला नाही म्हणवेना. खालची बाजू तू धर, त्यांच्या हातावर माझा अजून तेवढा भरवसा नाही. ते वरून धरून उलटे चढतील, म्हणजे त्यांचं तोंड माझ्याकडे. दोन्ही हात गुंतलेला, दम लागलेला माणूस मध्ये बोलत नाही, तेव्हा घशात राहिलेलं ते अर्धं वाक्य मी जिन्यातच सांगून घेणार आहे. जिना लांब आहे. तू मात्र सावकाश चढ.